मागाहून आलेली करुणा

माणसाच्या हातून एखादं क्रूर कर्म घडतं आणि ते झाल्यावर त्याचेच डोळे भरून येतात. त्या पाण्याला काय म्हणायचं? करुणा म्हणायचं, पश्चात्ताप म्हणायचं, की नुसता थकवा? प्रश्न जुनाच आहे. माझ्या मनात तो नव्याने उभा राहिला तो एका चित्रामुळे.

आंत्वान-जाँ ग्रो नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. उंची पाच मीटरांच्या वर आणि रुंदी पावणेआठ मीटरांच्या वर. मी ते पुस्तकात छापलेलं पाहिलं, हातभर जागेत मावलेलं. बर्फाने झाकलेलं मैदान आहे, मागे काळवंडलेलं आभाळ, दूर जळकं गाव. मधोमध नेपोलियन फिकट रंगाच्या घोड्यावर बसलाय. एक हात पुढे केलेला, चेहरा ओढलेला, नजर थोडी वर. आशीर्वाद द्यावा तसा तो हात. पायाशी जखमी माणसं, त्यांना पट्ट्या बांधणारे वैद्य. आणि सगळ्यांत पुढे, बघणाऱ्याच्या अगदी नाकासमोर, अर्धी बर्फात बुडालेली प्रेतं. खऱ्या माणसांहून मोठी काढलेली.

चित्र आयलाऊच्या लढाईचं आहे. खरं म्हणजे लढाईच्या दुसऱ्या दिवसाचं. आधी लढाईचं सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

१८०६ च्या ऑक्टोबरात नेपोलियनने येना आणि आउअरश्टेट इथे प्रशियाच्या सैन्याचा पाडाव केला. प्रशियाच्या बाजूने रशिया उभा होता, म्हणून लढाई पुढे पूर्वेकडे सरकली. मग हिवाळा आला. पोलंडचे रस्ते चिखलाने भरले, माणसं नि घोडे रुतायला लागले, तेव्हा नेपोलियनने सैन्य मुक्कामाला लावलं. वसंतापर्यंत तिथेच सगळं थांबायचं. पण जानेवारीत मार्शल ने याचं दल दाणागोटा शोधत, वरून हुकूम नसताना, उत्तरेकडे सरकलं. तिकडे रशियन सेनापती बेनिग्सनही हलला होता. दोन्ही सैन्यं पुन्हा एकमेकांच्या वाटेवर आली.

७ फेब्रुवारी १८०७ च्या संध्याकाळी ती पूर्व प्रशियातल्या आयलाऊ या छोट्या गावाशी भिडली. आज ते गाव रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात आहे आणि त्याचं नावही बदललंय. त्या संध्याकाळची चकमक कशावरून पेटली याच्या दोन हकिकती सांगतात. एक म्हणते, नेपोलियनचं सामानसुमान चुकून गावात आधीच शिरलं होतं आणि ते वाचवायला माणसं धावली. दुसरी म्हणते, त्या गारठ्यात रात्र काढायला डोक्यावर छप्पर हवं होतं, इतकंच. चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मधून, अंधार पडल्यावरही हातघाई चालली. शेवटी गाव फ्रेंचांच्या हाती आलं. तरी बहुतेकांनी रात्र बर्फातच काढली. खायला बटाटा मिळाला तो नशीबवान.

८ तारखेला उजाडताच तोफा सुरू झाल्या. सकाळीच ओझेरो या सेनापतीच्या दलाला पुढे जायचा हुकूम झाला. हा माणूस तापाने फणफणला होता, घोड्यावर धड बसवत नव्हतं. त्यात समोरून बर्फाचं वादळ आलं. हातभर अंतरावरचं दिसेना, दल वाट चुकलं आणि तिरकं सरकत सरकत रशियनांच्या सुमारे सत्तर तोफांच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं. थोड्याच वेळात हजारो माणसं पडली. दलाचा कणाच मोडला. पुढे ते दल म्हणून उरलंच नाही, वाचलेली माणसं दुसऱ्या तुकड्यांत वाटून टाकली.

रशियन तुकड्या गावाच्या कबरस्तानापर्यंत, नेपोलियन उभा होता तिथवर येऊन पोचल्या. मधली फळी फुटायची वेळ आली, तेव्हा म्युराच्या हाताखाली दहा हजारांच्या आसपास घोडेस्वार एकदम सोडले गेले. इतिहासाच्या पुस्तकांत या घोडदौडीचं फार कौतुक आहे. वाचताना माझं लक्ष घोड्यांकडेच जात होतं. त्यांचा आकडा कोणी ठळक अक्षरात छापत नाही.

दुपारी दावूच्या दलाने रशियनांची डावी बाजू मागे रेटली, तर संध्याकाळच्या सुमाराला प्रशियाचं उरलंसुरलं सैन्य घेऊन लेस्टॉक आला आणि त्याने दावूला मागे सारलं. अंधार पडल्यावर मार्शल नेही पोचला. रात्री बेनिग्सनने सैन्य काढून घेतलं. सकाळी मैदान फ्रेंचांकडे होतं, म्हणून जय त्यांनी आपला म्हटला. आपण मोडलो नाही, म्हणून रशियनांनी जय आपला म्हटला. मैदान पाहून मार्शल नेच्या तोंडून, एवढा संहार आणि हाती काहीच नाही, अशा अर्थाचे उद्गार निघाले असं सांगतात. किती माणसं पडली? दोन्हीकडचे ठार नि जखमी मिळून कोणी तीस हजार म्हणतं, कोणी पन्नास हजार. एका दिवसात, आणि फेब्रुवारीतला तो लहानसा दिवस.

नेपोलियनच्या सरकारी पत्रकात मात्र फ्रेंचांकडचे १९०० ठार आणि ५७०० जखमी, एवढंच छापून आलं. त्या काळी फ्रान्समध्ये म्हणच पडली होती, पत्रकासारखा खोटं बोलतो अशी. आपल्याकडे पानिपतच्या बातमीत मोत्यं आणि मोहरा मोजल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही म्हणून सांगितलं. तिथे निदान गणती नाही हे तरी खरं सांगितलं होतं.

आता येते मागाहूनची गोष्ट. नेपोलियन सहसा लढाई संपली की तिथे रेंगाळत नसे, शत्रूच्या मागे धावे. आयलाऊला तो आठवडाभर राहिला. मैदानावर फिरला. रशियन जखमींनाही उचलायला, पट्टी बांधायला लावलं. १४ तारखेला त्याने बायकोला, जोसेफिनला, पत्र लिहिलं. हा सगळा मुलूख मेलेल्यांनी आणि जखमींनी भरून गेलाय, युद्धातला हा भाग काही सुंदर नाही, इतके बळी पाहून जीव दडपून जातो, असा त्याचा मतलब आहे. पुढे मार्चमध्ये एका पत्रकात त्याने छापलं, की असलं दृश्य राजांच्या मनात शांततेची ओढ आणि युद्धाचा तिटकारा निर्माण करणारं आहे.

त्याच वसंतात पॅरिसमध्ये चित्रांची स्पर्धा जाहीर झाली. सरकारी संग्रहालयांचा प्रमुख देनाँ याने विषय नेमून दिला होता. लढाई नाही काढायची, दुसऱ्या दिवशी सम्राट मैदानावर जखमींची विचारपूस करतो तो क्षण काढायचा. दोन डझनांच्या आसपास चित्रकारांनी कच्ची चित्रं पाठवली, त्यातून ग्रो निवडला गेला. त्या दिवशी अंगावर होता तो केसाळ अंगरखा आणि ती टोपी नेपोलियनने त्याला चित्रासाठी देऊ केली. १८०८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात चित्र लागलं. लोक रांगा लावून बघायला आले आणि सम्राटाच्या चेहऱ्यावरची दया बघून हळहळले.

पत्र फेब्रुवारीतलं, पत्रक मार्चमधलं. एप्रिलमध्ये काय झालं? ज्या मुलांची सैन्यभरतीची पाळी १८०८ मध्ये यायची होती, त्यांना मुदतीच्या कितीतरी आधी बोलावून घेतलं. आयलाऊला पडलेली खिंडारं बुजवायला माणसं हवी होती. १४ जूनला फ्रीडलँडला पुन्हा लढाई झाली, पुन्हा हजारो पडले.

मग ती दया खोटी होती का?

खोटी होती असं म्हणून टाकणं सोपं आहे, आणि म्हटलं की आपण मोकळे. पण मला तसं म्हणवत नाही. ज्या जखमी रशियन मुलाला त्या थंडीत कोणी उचलून छपराखाली नेलं, त्याला मिळालेली ऊब खरी होती. बायकोला लिहिलेल्या पत्रात माणूस जगाला दाखवायला लिहीत नाही. मला वाटतं, त्याला वाईट वाटलं होतं. अडचण तीच आहे. वाईट वाटणं खरं, आणि तरीही एप्रिलमधला हुकूमही खरा. एकाच माणसाचे.

आपल्या घरांतून जमाखर्चाची वही सगळ्यांनी पाहिलेली असते. खर्च झाला तरी जमा दाखवून बाकी शून्य करता येते. म्हणून असेल, धर्माकडेही आपण वहीच्या डोळ्यांनी बघतो. इकडे काही दुखावलं तर तिकडे दान देऊन वळतं करून घेऊ. पण आपल्या शास्त्रात कर्माची वही अशी नाही. पुण्याचं फळ पुण्याचं, पापाचं फळ पापाचं. दोन्ही आपापल्या वेळी उदयाला येतात, एक दुसऱ्यात वळतं होत नाही. आयलाऊच्या मैदानावर पाजलेलं पाणी वाया गेलं नाही. पण त्याने ओझेरोच्या दलातला एकही माणूस खर्ची पडलेल्यांच्या रकान्यातून पुसला गेला नाही.

त्याच मैदानावर दुसरा एक माणूस होता, दोमिनिक लारे. लष्करातला शल्यवैद्य. एका उघड्यावाघड्या कोठारात तो जखमींचे हातपाय कापत होता. गारठ्याने बधिर झालेला अवयव कापताना वेदना कमी होते, हे त्याने तिथे टिपून ठेवलं. मध्येच रशियन घोडेस्वार चालून येतायत अशी ओरड झाली, चालता येणारे जखमी पळायला लागले. लारे हातातलं काम टाकून हलला नाही. त्याचा नियम होता, ज्याची जखम जास्त गंभीर त्याला आधी. तो सेनापती की शिपाई, आपला की शत्रूचा, हे नंतर. लारेही नेपोलियनच्याच सैन्यातला, त्याचाच भक्त. त्याला मी संत करत नाही. पण त्याची करुणा मागाहून आली नव्हती. ती काम चालू असताना हातात होती, आणि उद्या सकाळी उठून नवीन जखमी तयार करायचे हुकूम त्या हाताने सुटणार नव्हते. दोघांतला फरक मला तिथे दिसतो.

जपमाळेत १०८ मणी का, याचं एक उत्तर तत्त्वार्थसूत्रात सापडतं. एखादं पाप आत शिरायच्या वाटा १०८ आहेत. मनात ठरवणं तो संरंभ, साहित्य जमवणं तो समारंभ, प्रत्यक्ष सुरू करणं तो आरंभ. हे तीन मनाने, वाचेने, कायेने. ते स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, किंवा दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेली. आणि त्यामागे क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी काहीतरी. तीन, तीन, तीन आणि चार यांचा गुणाकार १०८. आयलाऊची लढाई समजून घ्यायला मला लष्करी नकाशापेक्षा हा गुणाकार जास्त उपयोगी पडला.

तोफेला बत्ती देणारा शिपाई आरंभाच्या घरात बसतो. वादळात त्याला समोर कोण आहे ते दिसतही नव्हतं. त्याला तिथे आणून उभं करणारा राजा कारिताच्या घरात. राजांना विचारलं तर प्रत्येक जण म्हणणार, मी बचावासाठी लढलो. नेपोलियन म्हणणार, निर्वाणीचं पत्र प्रशियाने धाडलं होतं, आणि ते खोटंही नाही. प्रशियाचा राजा म्हणणार, आमचा देश याने तुडवला. रशियाचा झार म्हणणार, मी मित्राच्या मदतीला आलो. गृहस्थाला विरोधी हिंसेची सवलत आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. ती सवलत किती लोकांना एकाच वेळी, एकाच लढाईत सोयीची पडते, ते इथे बघावं.

आणि बायका? त्या तर मैदानावर नव्हत्या, असं वाटेल. फ्रान्समध्ये सैन्यभरतीसाठी चिठ्ठ्या निघत. वाईट चिठ्ठी आली तर पैसेवाल्या घराला बदली माणूस विकत घेता येई. हजारो फ्रँक मोजायचे आणि आपल्या मुलाच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा धाडायचा. सगळं कायद्याने. रशियात तर भूदास शेतकऱ्याचा मुलगा पंचवीस वर्षांसाठी उचलला जाई. तो परत दिसायचा नाही हे धरूनच त्याला निरोप देताना बायका मेलेल्यामागे रडावं तशा रडत. तिथल्या आईला काही विकत घेण्याची सोय नव्हती.

दागिने मोडून, शेत विकून बदली माणूस घेणारी फ्रेंच आई माझ्या मनातून जात नाही. तिने कोणाला मारलं नाही. मुलाच्या हातून होणारी हिंसा तर तिने टाळलीच. पण तिच्या पैशांनी एक मुलगा आयलाऊच्या बर्फात गेला. तिला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? तिच्या जागी मी असते, तर बांगड्या उतरवायला मला दोन मिनिटंही लागली नसती. तरीही कारित म्हणजे काय, हे विचारलं तर मी तिच्याकडेच बोट दाखवेन. अहिंसा घराच्या उंबऱ्याशी आली की अशी अवघड होते. आपल्या माणसाला वाचवताना तो वार कोणावर जातोय, हे बघायची आपली तयारी असते का?

म्हणून करुणेची परीक्षा डोळ्यांतल्या पाण्यावर घेता येणार नाही. ती पुढच्या पावलावर घ्यावी लागते. प्रतिक्रमण करताना आपण झालेल्याची आलोचना करतो, पण त्याला जोडूनच प्रत्याख्यान येतं, पुन्हा करणार नाही हा त्याग. नुसती आलोचना करून उठलं तर ते रडगाणं झालं.

भरत-बाहुबलीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सैन्यं समोरासमोर उभी होती. तेव्हा मंत्र्यांनी पुढे होऊन सांगितलं, तुम्ही दोघे चरमशरीरी, युद्धात तुम्हाला काही होणार नाही, मरतील ती ही बाकीची माणसं. तेव्हा तुमचं भांडण तुम्हीच मिटवा. मग दृष्टियुद्ध झालं, जलयुद्ध झालं, मल्लयुद्ध झालं. तिन्ही बाहुबली जिंकला. त्याला वैराग्य आलं ते जिंकलेलं राज्य हातात असताना, आणि ते आल्यावर त्याने राज्य सोडलं. नुसतं वाईट वाटून तो सिंहासनावर बसला नाही.

युरोपात अशी मंत्रीमंडळी कोणाला भेटली नाहीत. पण दोघे राजे मात्र भेटले. फ्रीडलँडनंतर, २५ जून १८०७ ला, टिल्झिट गावाशी नेमान नदीच्या मधोमध एक तराफा बांधला गेला आणि त्यावर नेपोलियन आणि झार अलेक्झांडर यांनी एकमेकांना मिठी मारली. जुलैत तह झाला. आयलाऊला होऊन पाच महिनेही झाले नव्हते. पाच वर्षांनी, १८१२ मध्ये, त्याच दोघांची सैन्यं पुन्हा एकमेकांवर चालून गेली. ती मिठी जानेवारीतही मारता आली असती, हे त्या मंत्र्यांना सांगावं लागलं नसतं.

बाल्झाकची कर्नल शाबेर नावाची एक कादंबरी आहे. त्यातला कर्नल म्युराच्या त्या घोडदौडीत आयलाऊला पडतो, मेला म्हणून प्रेतांच्या खड्ड्यात पुरला जातो आणि उकरून बाहेर येतो. घरी पोचतो तोवर बायकोने दुसरं लग्न केलेलं असतं. ती त्याला ओळख देत नाही. तो मेलेलाच सगळ्यांना बरा असतो. गोष्ट कल्पित आहे, पण पत्रकातला आकडा माणसावर कसा बसतो ते तिच्यातून कळतं. आकड्यात गेलेला माणूस जिवंत परत आला तर त्याला जागा नसते.

आता उरला १०८ मधला तो तिसरा घटक, अनुमोदना. करणारे गेले, करवणारे गेले, दोनशे वर्षं उलटली. मान डोलावणारे अजून आहेत. अशक्य या शब्दाबद्दलचं नेपोलियनच्या नावावर खपणारं वाक्य आपल्या किती शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं! मुलं ते पाठ करतात, वक्तृत्व स्पर्धेत ठणकावून म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो. तो शूर होता, हुशार होता, हे खरंच. पण त्याच्या शब्दकोशातून एक शब्द वगळण्यासाठी किती घरांतला एकेक मुलगा वगळला गेला, ते त्या भिंतीवर लिहिलेलं नसतं.

आणि हे फक्त नेपोलियनपुरतं नाही. रात्री जेवणं आटोपली की आपण बातम्या लावतो. जगात कुठे ना कुठे लढाई चाललेली असते. आपल्याला जी बाजू आपली वाटते तिने समोरचे इतके मारले असा आकडा पडद्यावर येतो, आणि तोंडातून सहज निघतं, बरं झालं. थोड्या वेळाने त्याच पडद्यावर ढिगाऱ्याशी बसलेली एखादी म्हातारी दिसते आणि तोंडातून निघतं, अगंबाई, बिचारी. दोन्ही आपणच बोललेलो असतो, दहा मिनिटांच्या अंतराने. हातातली लाटी तशीच असते, किंवा वाती वळणं चालू असतं.

त्या म्हातारीबद्दल आपल्याला वाटलेलं खोटं नसतं. पण तिच्यासाठी आपण इथून काही करू शकत नाही, हेही खरं. आपल्या हातात आहे तो त्याच्या आधीचा शब्द. बरं झालं, हा. संरंभ राजाच्या हातात असेल, आरंभ तोफेपाशी होत असेल, पण हा एक मणी आपल्या माळेतला आहे. तो तोंडातून सुटायच्या आत थांबवता आला, तर निदान आपली करुणा मागाहून आली असं होणार नाही.